खपलीसाठी जुनं कंबाईन

मनोहर दांडेकरांनी अ‍ॅमस्टरडॅम झुइडासमधल्या एका बँकेत एकोणीस वर्षं एकच काम केलं: सॉफ्टवेअर विकायला आलेल्यांचं ऐकून घ्यायचं आणि ते काय लपवताहेत ते हुडकून काढायचं. पुढे बँकेने त्यांचीच जागा रद्द केली. तेव्हा बावन्नाव्या वर्षी त्यांनी ड्रोन्टेनजवळ सात हेक्टर जमीन भाड्याने घेतली आणि खपली गहू पेरला. हूफडॉर्पपासून युट्रेख्टपर्यंतच्या चाळीस मराठी घरांनी पीठ आधीच सांगून ठेवलं होतं. जमिनीचा करार वर्षाचा. मालक म्हणाला होता, पीक नीट हाती आलं तर पुढचं बोलू, नाहीतर मी बटाटे लावतो.

पीक झकास आलं. अडलं ते कापणीशी. तिथले छोटे शेतकरी स्वतःचं यंत्र बाळगत नाहीत, कंत्राटदार येऊन कापून देतो. त्याच्या यादीत आधी ऐंशी हेक्टरवाले, मग चाळीसवाले, आणि तळाशी दांडेकर. "हवा टिकली तर येतो," तो म्हणाला. या देशात हा नकारच असतो, फक्त हवामानाच्या नावावर दिलेला.

म्हणून कापणी-मळणी एकदम करणारं जुनं कंबाईन हार्वेस्टर घ्यायचं ठरलं. मनोहरनी तेवीस रकान्यांचा तक्ता केला, आणि गाळून गाळून दोन यंत्रं उरली.

पहिलं एका डीलरच्या शेडमध्ये होतं. पट्टे नवे, चाळण्या साफ, तपासणीचे कागद हजर. डीलर म्हणाला, "एकदम ठणठणीत आहे. निर्धास्त राहा." बँकेत बुडालेला प्रत्येक प्रकल्प 'निर्धास्त राहा'नेच सुरू झाला होता. मनोहरनी कागद परत केले.

दुसरं ग्रोनिंगनमध्ये, सीत्से नावाच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागे. सीत्सेने यंत्र सुरू केलं आणि कान दिला.

"ऐकू येतंय? मळणीच्या ड्रमचं डावं बेअरिंग. संपलंय ते. चाळण्या गंजल्यात. तुझ्या जागी मी असतो तर घेतलं नसतं."

"मग विकायला का काढलंय?"

"भंगारवाला यायचाय पुढच्या महिन्यात. तोवर जागा अडते."

गाडीत बसताच मनोहर खूश होऊन बायकोला म्हणाले, "पाहिलंस? त्याला विकायचंच नाहीये. कुणा ओळखीच्यासाठी राखून ठेवलंय."

मृदुला नगरपालिकेच्या खिडकीवर नोकरी करत होती. "अरे, ही डच माणसं रोज माझ्यासमोर येतात. घर जळलं तर 'जळलं' म्हणतात. त्यात आणखी काही दडलेलं नसतं."

"तुला विक्रेते कळत नाहीत."

"नसतील कळत. नवरा कळतो, तेवढा पुष्कळ झाला."

तक्त्यात 'विक्रेता काय लपवतो' असा रकाना होता. डीलरच्या पुढे त्यांनी 'बरंच' लिहिलं. सीत्सेपुढे 'यंत्र चांगलं आहे, हे'. व्यवहार करताना सीत्सेने तीनदा विचारलं, नक्की ना? शेवटी त्याने अकरा दोषांची यादी कागदावर लिहून मनोहरची सही घेतली. इतका कसलेला डाव मनोहरनी बँकेतही पाहिला नव्हता.

ऑगस्टमध्ये चार कोरडे दिवस मिळाले. त्यातला पहिला कंबाईन शेतापर्यंत आणण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मनोहर सकाळी अकराला, दव उडाल्यावर, यंत्रावर चढले. शेताचे तीन पट्टे कापले. बांधावर उभ्या मृदुलाने फोटो काढून चाळीस घरांना पाठवला. चौथ्या पट्ट्यात ड्रमच्या डाव्या बाजूने धूर निघाला, मग लोखंडाची किंचाळी, मग काहीच नाही.

बेअरिंग यायला नऊ दिवस लागणार होते. कंत्राटदाराने फोन उचलला नाही. उचलला तो सीत्सेने, आणि तिसऱ्या कोरड्या दिवशी तो दीडेक तास गाडी हाकत हत्यारांची पेटी घेऊन आला. 'सांगितलं नव्हतं?' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मनोहरना बरं वाटलं असतं. यंत्राखालून बाहेर येऊन त्याने हात पुसले.

"शाफ्टपण गेलाय. हे मलाही माहीत नव्हतं."

"जाऊ दे. परवापासून पाऊस आहे," मनोहर म्हणाले. "आठवडाभर. निभेल का खपली?"

सीत्सेने एक ओंबी खुडली, चुरडली, दाणा दाताखाली धरला. पुण्यातला कुठलाही म्हातारा अशा वेळी 'बघू या, होईल काहीतरी' म्हणाला असता, आणि मनोहर तेच ऐकायला थांबले होते.

"नाही," सीत्से म्हणाला. "पूर्ण पिकलीय. ओंबीतच मोड फुटतील. कोंबड्यांना चालेल."

मनोहरनी त्याच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. एकोणीस वर्षांची सवय होती, जरा वेळ लागला. तिथे काहीही लपवलेलं नव्हतं.

मृदुला पलीकडे गाडीत बसून फोनवर बोलत होती. "हो, साधनाताई, फोटोतलंच शेत. नाही, पीठ नाही मिळणार. नाही हो, उशिरा नाही... मिळणारच नाही."

त्यानंतर तिने चाळीस घरांच्या यादीतला दुसरा नंबर लावला.