डावीकडून दुसरा भालदार

मंगळवारी मी पुरवणीभाऊंची चिठ्ठी फाडली. बुधवारपासून ते वाचनालयात आले नाहीत.

नागपुरातल्या त्या लहानशा वाचनालयात आम्ही चौघे सिनेनटांचा कोश करत होतो. एका नटाचं एक कार्ड. कोणीही लिहावं, कोणीही हरकत घ्यावी. कार्ड पुरं झालं असं वाटलं की भाऊ मागच्या बाकावरून म्हणायचे, "थोडी पुरवणी आहे जी." म्हणून पुरवणीभाऊ. ते हातमागावर लुगडी विणत. त्यांच्या चिठ्ठ्यांना सुताला लावायच्या खळीचा वास येई. अमका नट डावखुरा, पण पडद्यावर उजव्या हाताने जेवतो. तमक्या खलनायकाला घोड्याची भीती, लांबून दिसतो तो दुसराच कोणी. असं काहीबाही त्यांवर लिहिलेलं असे.

मी शाळामास्तर. जन्म, शिक्षण, भूमिका, मृत्यू एवढंच कोशात असावं. बाकी सारी चिल्लर, असं माझं मत. मी लाल पेन्सिलीने 'आधार?' लिहून ओळ खोडायचो.

"काहून खोडून राहिले जी मास्तर? मी माह्या डोयानं पाह्यलं."

"तुमचे डोळे छापील नाहीत, भाऊ."

सगळे हसत. तेही हसत, आणि दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी जास्त चांगल्या अक्षरात घेऊन येत.

एकदा मी त्यांच्यासोबत सिनेमाला गेलो. सगळं थिएटर नायकाकडे पाहत होतं. भाऊ पडद्याच्या कडेला. मी विचारलं, तर म्हणाले, "लुगडं घेताना आधी काठ पाहा लागते. मधात तर सगळेच पाह्यतात."

पुढे एका सभासदाने आपल्या नाटकवेड्या भाच्यावर दोन कार्डं भरली. तेव्हा मी कार्डांच्या पेटीच्या झाकणावर आतून नियम लिहिला : आप्तांविषयी लिहू नये. भाऊंनी तो दोनदा वाचला.

त्यानंतर ती चिठ्ठी आली. वर एका चित्रपटाचं नाव आणि खाली : 'दरबारात डावीकडून दुसरा भालदार. उजव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून मान उजवीकडे वळलेली.' मी खोडली. पुन्हा आली, पुन्हा खोडली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मला राग आला.

"हा नट तरी आहे का, भाऊ?"

"नाही जी. उभा आहे फक्त."

"मग?"

"उभा तर आहे नं जी."

"नाव काय त्याचं?"

ते पेटीच्या झाकणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नाव नका लिहू. पण राहू द्या."

"हा कोश आहे, पानठेला नाही," असं म्हणून मी सगळ्यांसमोर चिठ्ठी फाडली. भाऊंनी पिशवी उचलली आणि ते गेले. तुकडे मीच गोळा करून टोपलीत टाकले.

मी त्यांच्या घरी गेलो नाही. येतील पुरवणी घेऊन, असं स्वतःला सांगत राहिलो. दोन हिवाळे गेले. मग ते वारल्याचं कळलं, आणि तेरवीला गेलो.

"तुम्हीच मास्तर नं जी?" त्यांच्या बायकोने विचारलं. "तो भालदार म्हणजे माहा दीर. लहानपणी सूत तोडलं म्हणून यायनंच कानाखाली मारली होती. तो कान गेला. मग पोरगं बंबईले पळालं, तिकडंच मेलं. घरी एक फोटो नाही. यायले तो त्या सिनेमात दिसला."

"मला सांगायचं होतं त्यांनी."

"नातं सांगतलं तर मास्तर खोडतीन, म्हणे."

खरं होतं. मी खोडलंच असतं.

सिनेमाचं नाव तिला ठाऊक नव्हतं; भाऊ एकटेच जाऊन पाहून येत. मी तीनदा वाचलं होतं, पण मलाही आठवेना. नंतर कित्येक वर्षं जुने राजदरबारी सिनेमे लागले की मी जाऊन कडेला पाहत बसायचो. भालदार पुष्कळ दिसले. सगळ्यांच्या माना सरळ होत्या.

वाचनालय बंद झालं. पेटी आता माझ्याकडे आहे. त्यात मी एक कार्ड घातलं आहे. त्यावर भाऊंच्या भावाचं नाव आहे. खाली चित्रपटाच्या नावाची जागा कोरी आहे.