बाज अडकली माझ्या पायऱ्यांना

गाववाल्यांनो, आज लई वंगाळ वाटायलंय.

सकाळी नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन आला. माझ्या आन् शेजारच्या ख्वाजाच्या घरामधला बोळ त्यानं मोजला. म्हणला, "आबा, भिंतीपासून जागा बरोबर सुटलीय. तुमच्या नव्या पायऱ्या मापात धरत न्हाईत." मी खूश.

दुपारी ख्वाजाच्या छातीत कळ आली. पोरं त्याला बाजेवर घालून बोळातून न्यायला लागली, तर बाज माझ्या पायऱ्यांना अडकली. तिरकी केली तसा तो कण्हला. तरी मला म्हणतो कसा, "शंकऱ्या, इथंच बसून चहा पिऊ का आता?"

निजामाच्या राजवटीत ही घरं बांधली. तवा आमच्या दोघांच्या बापांनी बाजेला दोन्हीकडनं माणसं लावून बघितली, आन् ती मोकळी निघंल एवढा बोळ सोडला. आजारी माणूस बाहेर निघाला पायजे म्हणून. त्या बाजेवर मापाला आमी दोघं पोरंच बसलो हुतो.

ख्वाजा दवाखान्यात हाय, शुद्धीवर हाय. माझा नातू म्हणतो, "आबा, मंजूर पायऱ्या कशाला फोडता?"

उद्या गवंडी येतोय फोडायला. ख्वाजा घरी यायच्या आत बोळ मोकळा पायजे.

तुमच्या बोळातून बाज निघती का? आजच बघा.