वाटाण्याचं मटण

माझा मुलगा पुण्यात वाटाण्यापासून मटण बनवणाऱ्या कंपनीत लागला, तेव्हा सोलापुरात आमच्या भवानी पेठेत मी स्वतः पेढे वाटले. कसली कंपनी असं कुणी विचारलं, की 'फूड टेक' एवढंच सांगायचो. वाटाणा म्हटलं असतं तर लोकांना भाजीची गाडीच वाटली असती.

दिवाळीत चिरंजीव कंपनीच्या मालाचं एक पाकीट घेऊन माझ्या थोरल्या बहिणीकडे, दुधनीजवळच्या खेड्यात निघाले. मीही कौतुकाने मागे. आक्का एकटी राहते. गळ्यात माळ, वशाट तोंडाला लावत नाही, पण दारात पंधरा शेरडं. उठल्यापासून निजेपर्यंत ती त्यांच्याशीच बोलायची, भांडायची. बकरी ईदच्या आधी सोलापूरचा व्यापारी येऊन तिचे बोकड न्यायचा.

चिरंजीवांनी मोबाईलवर आलेख दाखवले. "आत्या, थोड्या वर्षांत बकरं कुणी खाणार नाही. भाव आहे तोवर शेरडं काढून टाक."

आक्काने पाकीट लांबूनच पाहिलं. "ह्ये काय हाय?"

"मटण. पण व्हेज. हा बघ हिरवा ठिपका."

"मग मटण का म्हनतोस?"

"चव तशीच लागते ना."

"म्हंजी माळ बी ठिवायची आन चव बी घ्यायची? द्येवाला फसवायचं व्हय रं?"

तरी भाचा हौसेने आलेला. तिने ते शिजवलं. पण घरात नाही. मागच्या अंगणात तीन दगड मांडले आणि जावयासाठी ठेवलेलं वशाटाचं वेगळं पातेलं काढलं. आम्ही जेवल्यावर तिने ते राखेने घासलं, मग अंघोळ केली. वाटाण्याचा एवढा विटाळ जगात कुणी मानला नसेल. चिरंजीव म्हणाले, "आत्याला कन्सेप्टच कळला नाही."

खरं तर कंपनीचा निकाल त्या पातेल्यातच लागला होता. माळकऱ्यांना ते मटण वाटत होतं म्हणून चालत नव्हतं, आणि मटण खाणाऱ्यांना ते मटण वाटत नव्हतं म्हणून. आम्हा दोघा शिकल्यासवरलेल्यांना एवढं दिसलं नाही. उलट निघताना मीच आक्काला बाजूला घेऊन म्हणालो, "पोरगं पुण्यात शिकून आलंय, ऐक त्याचं. वयही झालंय तुझं." संक्रांतीच्या आत शेरडं बाजारात गेली.

उन्हाळ्यात कंपनीने गाशा गुंडाळला. सोलापुरात रविवारी मटणाच्या दुकानांपुढच्या रांगा होत्या तेवढ्याच आहेत. चिरंजीव आता बदामाचं दूध विकणाऱ्या कंपनीत लागलेत. म्हशींनी सावध राहावं.

परवा आक्काकडे गेलो. व्यापारी नेहमीसारखा येऊन, रिकामा गोठा बघून, चहा पिऊन गेला होता. आक्का उंबऱ्यावर हात मोकळे टाकून बसली होती. तिला असं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी फोनवर मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "पप्पा, आत्याला एखादा छंद लावून घ्यायला सांगा."

मला लाज वाटली. म्हणालो, "पोरगं चुकलं, आक्का."

"त्याला कशाला बोल लावतोस? त्याचं मी कुटं ऐकलं?" ती म्हणाली. "तू म्हनलास म्हनून इकली की."