टेबलक्लॉथ ट्रॅक्टरवर गेला

मंडळी, उद्या इथं नागपुरात जुन्या ट्रॅक्टरांचं प्रदर्शन आहे आणि तिथे माझ्या जवसाच्या चटणीचा आणि तेलाचा पहिलावहिला स्टॉल! आज दुपारी मांडणीला गेले. मदतीला सासरे, खास रामटेकहून आलेले.

बरण्या लावल्या, बॅनर बांधला आणि पाहते तर काय, इस्त्री केलेला पांढरा टेबलक्लॉथ गायब. सासरेही गायब.

दोघंही समोरच्या रांगेत सापडले. कुणाच्या तरी लाल ट्रॅक्टरचं बोनेट सासरे माझ्या टेबलक्लॉथनं पुसत होते. वर माझंच जवसाचं तेल! मालक बाजूला चहा पीत मजा बघत होता.

मी तणतणले, "बाबा, काहून? दुसरा कपडा नव्हता का?"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आपला ट्रॅक्टर विकला ना वं, तेव्हा धुवाचा राहून गेला. चिखलानं भरलेलाच गेला तो."

मी कापडाचं दुसरं टोक धरलं आणि मडगार्ड पुसायला लागले.

उद्या नक्की या. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं असेल, तिकडे बघू नका. समोरचा लाल ट्रॅक्टर बघा.

तुमच्याही घरून असं काही न पुसताच गेलंय का हो?