घमेल्यातली आंघोळ

लोकांना नावं ठेवण्यात द्वारकाचा हात धरणारं गेवराईच्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि तिला तसा हक्कही होता. जिनं बारा वर्षं घमेल्यात उभं राहून दोन तांब्यांत आंघोळ केली, घमेल्यात साठलेल्या पाण्यानंच घरातली फरशी पुसली आणि उरलंसुरलं लिंबाच्या बुडाला ओतलं, ती पोर पाणी सांडणाऱ्याला माणूस तरी कशाला म्हणेल?

तिच्या यादीत पहिला मान सुंदररावांचा. हे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळात टँकर यायचा तो संस्थेच्या नावानं, पण गावात शिरला की आधी वळायचा चेअरमनच्या विहिरीकडं. बाया घागरी घेऊन उन्हात उभ्या, आणि हा गडी नळी लावून जीप धुतोय. टायरसुद्धा! सतरा वर्षांची द्वारका रांग सोडून तरातरा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"चेअरमन, गाडीला लई तहान लागलीय व्हय?"

सुंदरराव चिडला नाही. सुपारी या गालातून त्या गालात सरकवत म्हणाला, "पाणी असलं की माणूस सांडतोच, पोरी. तुझ्याकडं येऊ दे, मंग बघू."

द्वारका तिथंच थुंकली आणि परत रांगेत आली. तोवर तिची जागा गेली होती.

पुढं ती बीडला नर्सिंग शिकली, पुण्यात जर्मन घोकली आणि एका दिवाळीनंतर जर्मनीतल्या लहानशा गावी वृद्धाश्रमात कामाला लागली. पहिले सहा महिने पारखायचे. पसंत पडली तर कायम, नाहीतर परतीचं विमान. जाताना सुंदररावांनी शाल-नारळ दिला, भाषणात संस्थेचं नाव चारदा घेतलं, आणि माईक बंद झाल्यावर तिच्या आईला, बायनाबाईला, म्हणाले, "सा म्हयन्यात माघारी येतीय बघा." हे शब्द द्वारकानं शालीसकट बॅगेत भरून नेले. काहीही होवो, या जीपवाल्याचं म्हणणं खरं होऊ द्यायचं नाही.

जर्मनीच्या लोकांचीही तिनं गय केली नाही. बटाटे उकडून नुसत्या मिठाशी खाणारी माणसं! सख्ख्या बहिणीकडं जायचं तर आठ दिवस आधी वेळ मागणारी! पण खरा संताप पाण्याचा. पिण्याचं पाणी यांच्या संडासात. एप्रिलात पंधरा दिवस पाऊस झाला नाही, तर आश्रमाची मुख्य नर्स फ्राऊ क्रेमर अंगणातल्या पिवळ्या गवताकडं बघून म्हणाली, "काय हा दुष्काळ!" हसू दाबताना द्वारकाला ठसका लागला.

त्याच आठवड्यात तिनं या उधळ्यांना वळण लावायचं मनावर घेतलं. नव्वदीच्या एका आजींना आंघोळ घालताना पायाशी टब ठेवला, पाणी धरलं आणि त्याच पाण्यानं न्हाणीघराची फरशी लख्ख पुसून काढली. शाबासकीच्या आशेनं मागं वळून पाहते तो दारात फ्राऊ क्रेमर. तिचा चेहरा असा, की जणू द्वारकानं आजींनाच पिळून काढलं होतं. म्हाताऱ्यांना रोगराई होईल, हा गलिच्छपणा पुन्हा दिसला तर घरी पाठवीन, असं तिनं लेखी दिलं.

गलिच्छ! एक थेंब कधी वाया न घालवणारी द्वारका गलिच्छ! त्या दिवशी ती जेवली नाही. पण माघारी जाऊन सुंदररावाचं तोंड बघायचं, त्यापेक्षा हे बरं.

पाणी गरम येईपर्यंत नळ सोडून ठेवायचा, ही तिथली रीत. आधी ती नळाकडं पाठ करून उभी राहायची आणि मनात म्हणायची, ही एक घागर गेली, ही दुसरी. मग घागरी मोजणं सुटलं. मग पाठ करणंही सुटलं.

मे महिन्यात कायम झाल्याचं पत्र हातात पडलं. खोलीवर येऊन ती तोंड धुवायला गेली, तेवढ्यात आईचा फोन आला.

"आई, कायम झाले! सांग त्या जीपवाल्याला!"

"सांगते की. टँकरच्या रांगेतच हाय मी. परवाधरनं आलाच न्हाई बघ." बायनाबाई थांबली. "आगं, ह्यो आवाज कशाचा येतोय?"

द्वारकानं मान वळवली. नळ धो धो चालू होता. पाणी केव्हाच गरम झालं होतं, आरशावर वाफ धरली होती.

"पाऊस पडतोय," ती म्हणाली.

"आगं बाई! मंग उभी काहून? भांडी लाव की वळचणीला!"

द्वारकाला आपलीच किळस आली. जीप धुताना सुंदरराव निदान खोटं तरी बोलला नव्हता. तिनं हात लांबवून नळ बंद केला.

"थांबला व्हय गं इतक्यात?" तिकडं आई हळहळली.