नरसिंहाचा दोर

करमाडच्या सोंगात सांडूकडं कुणी बघत नसे. बघायचं तरी काय? नरसिंह आवेशात लोकांवर धावू नये म्हणून त्याच्या कमरेला बांधलेला दोर धरून मागं उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. रझाकारांच्या धामधुमीत बंद पडलेलं सोंग पोलीस अ‍ॅक्शननंतर पुन्हा सुरू झालं, तेव्हापासून दोर त्याच्याकडं. दोर हातात आला की मुखवट्यामागचा माणूस कसा आहे, ते त्याला बरोबर कळायचं.

सोंगाचे कायदे लई कडक. मुखवटा चढला की माणूस देव झाला. त्याला नावानं हाक मारायची नाही, त्यानंही बोलायचं नाही. मुखवट्याच्या गाठी सुटायच्या त्या आरती झाल्यावर, आणि आरती हिरण्यकश्यपू मेल्यावर. एकदा सुरू झालेली आरती मात्र कुणी थांबवायची नाही.

एका वर्षी मुखवट्यात सांडूचा धाकटा भाऊ होता, बन्सी. चिकलठाण्याला कारखान्यात लागलेला. दोन दिवस तापानं फणफणला होता, तरी हट्टानं उभा राहिला. वैशाख महिना, दिवस कलला तरी जमीन भाजत होती. कागदाचा खांब फाडून नरसिंह बाहेर आला नि डोलायला लागला.

"औंदा खराच देव आलाय गं बाई!" बायांनी हात जोडले.

सांडूनं मात्र दोर आवळून धरला. हे डोलणं हलगीच्या तालावर नव्हतं. दोर मधेच सैल पडे, मधेच जड होई. मुखवट्यातून घरघर ऐकू येत होती.

तो पोथी सांगणाऱ्या दत्तोपंतांच्या कानाशी लागला. "पंत, आरती घ्या. त्याचा दम कोंडतोय."

"खुळा की काय तू? राक्षस जिवंत असताना आरती?"

आणि तो राक्षस, म्हणजे कारभारी, गदा फिरवत बढाया मारत होता. मेल्याला एक ओळ सोडवत नव्हती!

गाठी सोडाव्यात, तर राक्षस जिवंत असताना मुखवटा उतरला की गावावर अरिष्ट येतं, असं सगळे मानत. उद्या कुणाचं ढोर मेलं तरी बोट बन्सीकडंच. न सोडाव्यात, तर भाऊ जातो. सांडूला रडू फुटलं. सोंगात कधी तोंड न उघडलेल्या त्या माणसानं बन्सीचा सगळा भार अंगावर घेतला आणि फाटक्या आवाजात स्वतःच आरती धरली.

दत्तोपंत पोथी टाकून उठले. पण आता थांबवणार कोण? लोक उठले, टाळ्या वाजू लागल्या. मधोमध कारभारी गदा घेऊन तसाच. त्यानं सांडूचं रडवेलं तोंड पाहिलं, कलंडणारा मुखवटा पाहिला. दरवर्षी मरायला पाव तास घेणारा तो गडी गदा टाकून जागीच कोसळला. देवाचा हातही लागला नाही.

आरती संपली, गाठी सुटल्या. काळ्यानिळ्या पडलेल्या तोंडावर पाणी मारलं, तेव्हा बन्सीनं डोळे उघडले. "दादा, राक्षस मेला का?"

"मेला रं माझ्या राजा, मेला!"

गावाला ते मरण असं आवडलं, की पुढं दरवर्षी तसंच. आरती आधी, राक्षस नंतर, हात न लावता.

पुष्कळ वर्षांनी औरंगाबादहून नाटकाचे एक प्राध्यापक सोंग बघायला आले. वही काढून म्हणाले, "स्पर्शाविना वध! काय शैली आहे! सांडूबा, यामागचा अर्थ काय हो?"

सांडूनं शेजारच्या ओट्याकडं बोट केलं. तिथं डोकं पांढरं झालेला बन्सी बसला होता.

"अर्थ व्हय? त्यो बघा, च्या पितोय."