आक्काचं दुखणं, लोकांची लाज

माझी आत्या, जिला सगळी वस्ती आक्का म्हणायची, माणसाचं नाव घ्यायच्या आधी त्याची लायकी सांगायची. जनावरांचा डॉक्टर तिच्या लेखी 'म्हशीला भिणारा', सरपंच 'फोटोपुरता', आणि स्वतःचा नवरा 'पेटीवाला'. आत्याच्या या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो; ते चर्चमध्ये पेटी वाजवून भजनं गायचे. पुणतांब्याजवळच्या त्या ख्रिस्ती वस्तीत त्यांना मोठा मान. घरात मात्र त्या मानाचं काही चालत नसे. "पेटीपरीस जड काय उचललं न्हाई ह्या मान्सानं," आक्का म्हणायची, "अन् ती पेटीबी दुसऱ्यानं हात लावल्याबिगर उठत न्हाई."

जड ते सगळं आक्कानं उचललं. म्हशींचा चारा, पाण्याचे हंडे, कांद्याच्या गोण्या. प्रत्येक बाळंतपणानंतर ती लगेच कामाला लागली आणि घरच्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. कौतुकाला काही लागत नव्हतं, म्हणून ते भरपूर केलं.

पन्नाशीनंतर ती दुपारी हातातलं काम टाकून आडवी होऊ लागली. उशी डोक्याखाली नाही, कमरेखाली. आल्यागेल्याला मामा हसत सांगायचे, "राणीसरकार आराम करत्यात."

मी संगमनेरला शाळेत शिकवते. एका मे महिन्यात तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा ती मोरीतून लवकर बाहेर येईना. मी काळजीनं विचारलं, तर तिनं हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं, "अंग बाहेर येतंय. बोटानं आत सारल्याबिगर लघवी हुत न्हाई."

"कधीपासून?"

"धाकटीचं लगीन व्हायच्या आधीपास्नं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"पेटीवाल्याला सांगितलं की. म्हनला, देवाला सांग."

मी तिला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी खुर्चीतून न उठता निकाल दिला, "वय झालंय. पिशवी काढून टाकू. उद्याच या." आक्का बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाली, "चप्पल इकनारा सुदीक आधी पाय बघतो. ह्यो न बघताच कापायला निघाला."

मग आम्ही नगरला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला झोपवून नीट तपासलं, खोकायला लावलं, आणि सगळं समजावून सांगितलं. गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी सैल पडतात, मग ते खाली सरकतं. हा काही कॅन्सर नाही. ऑपरेशन हा एक मार्ग आहेच, पण तिला चालणार असेल तर आधी आतून आधार देणारी रिंग बसवून बघू. पहिली रिंग माप न जमल्यानं निसटली, दुसरी नीट बसली. ती ठरलेल्या वेळी येऊन तपासून घ्यायची; रक्त गेलं किंवा घाण वास आला तर वाट न बघता यायचं. खोकला अंगावर काढायचा नाही, शौचाला कुंथायचं नाही, आणि जड उचलायचं नाही.

व्यायामही सांगितला. लघवी रोखून धरावी तसं आतून आवळायचं, थोडं थांबायचं, सैल सोडायचं. आक्का तो रविवारी चर्चमध्ये मामांची भजनं चालू असताना करायची. "पेटीवाल्याच्या गान्याचा पयल्यांदा उपेग झाला," असं तिनं मला गंभीरपणे कळवलं.

जड न उचलण्याचं मात्र मामांना पटेना. एका संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब ओट्यावर चहा घेत होते आणि मामांनी आतल्या दिशेला हाक दिली, "अगं, भारा आनायचा ऱ्हायलाय!" आक्का बाहेर आली. "भारे आनूनच माझं अंग बाहेर आलंय," ती म्हणाली. "आजपास्नं तुमी आना."

पाळकसाहेबांचा चहा बशीत सांडला. मामा लाल झाले. "पाव्हन्यांम्होरं काय बोलतीस? लाज हाय का?"

"मला कशाला? मी काय चोरी केली? भारा आनताना लाज वाटली तर डोक्यावरनं टावेल घ्या."

मामांनी भारा आणला. वस्तीतल्या पुरुषांना महिनाभर दुसरा विषय नव्हता. बाईचं अंग वर्षानुवर्षं बाहेर येतं, याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पुरुषाच्या डोक्यावर चारा दिसला, तेव्हा मात्र सगळे हळहळले.

चर्चच्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत प्रार्थनेचे विषय मागितले गेले. शेजारच्या रूथाबाईनं नेहमीसारखं सांगितलं, "पोटाच्या त्रासासाठी." आक्कानं मान वळवली. "पोटाच्या का अंगाच्या? नीट सांग. देवानंच घडवलंय, त्याला काय नवीन हाय व्हय?" रूथाबाई रडायला लागली. बाकीच्या सतरंजीकडे बघत बसल्या. आक्कानं तिचे डोळे पुसले नाहीत. "रडून वर जात न्हाई ते," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिला एसटीत घालून नगरला घेऊन गेली. रूथाबाईचं दुखणं पुढं गेलेलं होतं, तिला ऑपरेशन करावं लागलं. आक्का दवाखान्यात तिच्या उशाशी राहिली आणि तिथल्या पातळ डाळीला नावं ठेवत राहिली. नंतर वस्तीतल्या बायका अंधार पडायची वाट न बघता, दिवसाउजेडी तिच्या ओट्यावर येऊ लागल्या. ती प्रत्येकीला आधी शिव्या द्यायची, मग डॉक्टरबाईंचा पत्ता.

मागच्या वर्षी हृदयविकारानं आक्का गेली. चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी जड आवाजात सुरुवात केली, "आपल्या या भगिनीनं सारं आयुष्य मुकाट्यानं सोसलं..."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फस्सकन हसलं. रूथाबाईच असावी. मग दुसरी हसली, तिसरीनं तोंडात पदर कोंबला, आणि बघता बघता अर्धं चर्च रडत-हसत होतं.

पहिल्या बाकावरून मामा हळूहळू उठले. "सायेब," ते म्हणाले, "मयताम्होरं खोटं बोलू नका. तिनं मुकाट्यानं कायबी सोसलं न्हाई." आणि खाली बसून लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.